बैलांसाठी लावलेली पाटी

माणसांना वेळेवर भीती घालायची, हा माझा आयुष्यभराचा पगारी धंदा. पुढे वळण आहे, सांभाळा. उतार आहे, सांभाळा. शाळा आहे, ओढा आहे, सुरुंग लावलाय, सांभाळा. आमच्या खात्यातल्या इतरांनी रस्ते बांधले, पूल बांधले, आणि म्हातारपणी ते नातवंडांना बोट करून दाखवतात. मी काय दाखवणार? मी लावलेल्या पाटीचा गुण एवढाच की तिथं काही घडलं नाही. न घडलेली गोष्ट दाखवता येत नाही. या अंकाच्या संपादकांनी कामातलं काहीतरी लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं ते याच कारणानं. तिसऱ्यांदा ते घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "एखादी घडलेली गोष्ट तरी असेल की." ती आहे. ती मी आजवर कुणाला धडपणे सांगितलेली नाही.

मी मुळात काळजीखोर माणूस. कुलूप लावल्यावर चार पावलं जाऊन परत येऊन ओढून बघणारा. मराठवाडा हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात आला, त्यानंतर एक-दोन वर्षांत रस्त्यांवरच्या उर्दू-इंग्रजी पाट्या मराठीत करायचं काम निघालं. आमच्या डेप्युटी साहेबांनी ती फाईल माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "तुम्ही अशीही दिवसभर काळजी करता. निदान ती सरकारच्या उपयोगी पडू द्या." मी तेव्हा नवा ओव्हरसियर होतो, तिशीच्या आतला. हसण्यावारी नेलं, पण काम मनापासून आवडलं.

पाट्या रंगवायला रशीदभाई होते. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, निजामाच्या काळापासून धाराशिवात पाट्या रंगवणारे. त्यांचं उर्दू अक्षर बघायला येणारी-जाणारी माणसं सायकलवरून उतरत. मराठी अक्षरं ते नव्यानं शिकले, जीभ दातात धरून. ओळीचं माप मात्र शेवटपर्यंत उजवीकडूनच धरायचे. 'सावकाश' रंगवायचं असेल तर आधी 'श'ची जागा ठरायची. पण अक्षर असं टपोरं की मैलभरावरून दिसावं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाटी लावायची म्हणजे खांब पुरायचा. खांब पुरणं हे शेवटचं काम. आधी ठरवायचं की पाटी कुणासाठी आहे. त्या काळी आमच्या रस्त्यावर मोटार क्वचित, सायकली थोड्या, आणि बाकी सगळ्या बैलगाड्या. मोटारवाल्याला वळणाची खबर शे-दीडशे पावलं आधी द्यावी लागते, गाडीवाल्याला वीस पावलं पुरतात. गाडीवाल्याला दीडशे पावलं आधी सांगितलं तर वळण येईपर्यंत तो विसरून गेलेला असतो. मग आकार. वर लाल त्रिकोण आणि खाली चौकोनात चित्र, म्हणजे सावध व्हा. लाल चकती म्हणजे मनाई. अक्षरं घालायची ती कमीत कमी, कारण वाचता येणारे थोडे, आणि ज्यांना वाचता येतं त्यांना हे आपल्यासाठी लिहिलंय असं कधीच वाटत नाही.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे, लावलेल्या पाटीचं लोक काय करतील हे आधी ओळखणं. यात मी सुरुवातीला सपशेल नापास झालो. तुळजापुरात देवळाकडे वळणाऱ्या अरुंद तोंडाशी मोटारी अडून राहत, म्हणून मी तिथं 'येथे थांबू नये' अशी मोठी चकती लावली. महिन्याभरानं बघायला गेलो तर तिच्याखाली ही गर्दी. सोलापूरहून आलेली यात्रेकरूंची कुटुंबं बोचकी टाकून बसलेली. एका पुजाऱ्यांना विचारलं तर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, एवढी उंच, लाल, लांबून दिसणारी खूण गावात दुसरी कुठं हाय? चुकामूक झाली तर तांबड्या चकतीखाली थांबा म्हणून आम्हीच सांगतो यजमानांना."

दुसरी फजिती खडीच्या खाणीवर. सुरुंग उडवायच्या जागी मी दहा फूट लांबीची पाटी उभी केली, 'सुरुंग! दूर व्हा!' आजूबाजूला झाडाचं पान नाही. दुपारी गेलो तर खडी फोडणाऱ्या बाया भाकरीची फडकी सोडून त्या पाटीच्या सावलीत ओळीनं बसलेल्या. तेव्हापासून खाणीवर पाटी बंद केली आणि सुरुंगाआधी थाळी बडवायची पद्धत घातली. थाळीची सावली पडत नाही.

हे मी सांगतो तेव्हा लोक हसतात. मीही हसतो. पण तेव्हा मला हसू येत नसे. मी चूक केली की माणूस मरेल, हा विचार जेवताना, आंघोळ करताना, सायकल चालवताना माझ्या मानगुटीवर बसलेला असे. डेप्युटी साहेबांनी एकदा मला समोर बसवून समजावलं. "हे बघा, पाटी दोघांसाठी असते. एक रस्त्यावरच्या माणसासाठी. आणि उद्या चौकशी झाली तर आपल्यासाठी. पहिल्याचं देव बघेल, दुसऱ्याचं तुम्ही बघा." साहेब वाईट नव्हते, अनुभवी होते.

धाराशिवहून बेंबळीला जाणाऱ्या रस्त्यावर एक ओढा आडवा येतो. जुनी दगडी फरशी पुरात उखडून गेल्यावर तिथंच पूल बांधायचं ठरलं. पायासाठी रस्त्याच्या मधोमध बारा-तेरा फूट खोल खड्डा खणला, तळाला नुसते कातळ आणि उभ्या सळया. वाहतुकीसाठी खड्ड्याच्या अलीकडून उजव्या हाताला कच्चा वळणरस्ता काढला, तो ओढ्याच्या कोरड्या पात्रातून जाऊन पलीकडे पुन्हा मूळ रस्त्याला मिळायचा. पाट्या मी निवडल्या. आधी त्रिकोण, मग उजवीकडचा बाण, मग 'रस्ता बंद', आणि रस्त्यावर आडवी दगड भरलेली पिंपं. दोन दिवस सायकलवरून जा-ये करून बघितलं. आंधळा सोडला तर कुणीही खड्ड्यात पडणार नाही अशी खात्री झाली.

पहिलाच बाजाराचा दिवस. दुपारी तीनचा सुमार. मी पलीकडच्या काठावर दगडांची मापं घेत होतो. सळयांच्या ट्रकला वाट द्यायला मजुरांनी दोन पिंपं बाजूला केलेली, आणि ती परत लावलीत का हे बघायचं मी विसरलो होतो. मान वर केली तर धाराशिवकडून गाड्यांची रांग येत होती. पुढच्या गाडीचे दोन्ही बैल त्रिकोणाजवळून आले, बाणाजवळून आले, 'रस्ता बंद'च्या खालून आले आणि पिंपांमधल्या फटीतून सरळ खड्ड्याकडे निघाले. गाडीत एक म्हातारा तोंडावर पटका टाकून निवांत झोपला होता. मी ओरडलो. माझ्या आणि त्याच्यामध्ये तो खड्डा, मला धावताही येईना. शेवटी गारा वाहणाऱ्या एका बाईनं डोक्यावरचं घमेलं बैलांच्या पुढ्यात फेकलं. त्या आवाजानं बैल बिचकून थांबले. खड्ड्याची कड दोन हातांवर होती.

म्हातारा उठून बसला. "आलं का बेंबळी?" म्हणाला.

मी ओढ्यातून धावत वर आलो, धाप लागलेली. "तात्या, पाटी दिसली नाही का तुम्हाला?"

"दिसली की. सकाळी जाताना बगितली. लई मोठी हाय."

"मग?"

"मग काय, सायेब? येताना म्या निजतो. गाडी बैलं आणत्यात. तीस वरसं हीच वाट. तुमची पाटी मला कशाला दावता, बैलास्नी दावा."

सगळे मजूर हसले. मीही हसलो, पण आधी ती दोन पिंपं जागेवर लावून घेतली. म्हाताऱ्याचं नाव लिंबाजी. गावात सगळे तात्याच म्हणत. डावीकडे हरण्या आणि उजवीकडे बाळ्या अशी त्यांची देवणी बैलांची जोडी, दोन्ही घरच्या गाईची. तात्यांनी त्यांच्या कपाळावर हात फिरवला आणि त्यांना म्हणाले, "चला रं, सायबाच्या वाटंनं चला."

मग माझ्या ध्यानात आलं की हे एकट्या तात्यांचं नाही. पहाटे उठून बाजारला आलेले गाडीवाले परतताना हटकून झोपत. बैलांना घराची ओढ असायची आणि वाट पाठ. मी इतके दिवस पाट्या निवडत होतो त्या झोपलेल्या माणसांसाठी. जागे होते ते बैल, आणि त्यांच्यासाठी मी काहीच केलं नव्हतं.

पुढचे दोन बाजार मी नाना उपाय केले. पिंपं गच्च लावली, तर बैल पिंपांच्या कडेनं शेतात उतरून खड्ड्याकडेच वळायला लागले, आणि तिकडे तर कड ढासळलेली. बाभळीच्या फांद्या टाकल्या, त्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी कुंपणाला गेल्या. राखणदार बसवला, तो नेमका दुपारी भाकरीला घरी जायचा. शेवटी बाजाराच्या दिवशी मी स्वतःच उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बैलांना हातानं वळवत होतो. पण माझ्याकडे सबंध तालुक्याचे रस्ते. मला घरी जेवण गोड लागेना. आमची ही विचारी, "काय झालं?" मी म्हणे, "बैलांना वाचता येत नाही." ती माझ्याकडे बघत राही.

उपाय सुचला तो तिथंच उभ्या उभ्या. बांधकामावर पाण्याची टाकी होती. उन्हाळा तोंडावर आलेला, ओढा आटलेला. माझ्या लक्षात आलं की वळवायला गेलो की बैल माझ्याकडे बघतच नाहीत, नाक वर करून टाकीकडे बघतात. म्हटलं, पाणीच इकडे न्यावं. वळणरस्त्यावर, फाट्यापासून तीस पावलांवर, मी दगडी हौद बांधून घेतला. बाजाराच्या दिवशी पाणी वाहणाऱ्या बाया तो दुपारी काठोकाठ भरायच्या. पहिल्या खेपेला मी हौदाच्या काठावर शेंगदाण्याच्या पेंडेचे खडेही ठेवले.

हौद बांधल्यावर मला हौस आली. रशीदभाईंना म्हटलं, याच्यावर एक बैल रंगवा. रशीदभाई ब्रश धुता धुता म्हणाले, "बैल कू तस्वीर कायकू, साहब? पानी बस है."

तीन बाजार लागले. पहिल्या बाजारी हातानं वळवले. दुसऱ्या बाजारी नुसतं पुढं चाललो. तिसऱ्या बाजारी मी लांब एका लिंबाच्या झाडामागे जाऊन उभा राहिलो. तात्यांची गाडी पुढं. तात्या पटका टाकून झोपलेले. हरण्या-बाळ्या फाट्याशी आले, क्षणभर थांबले आणि आपणहून उजवीकडे वळले. हौदाला तोंड लावून दोघं पाणी प्याले. मग ओढ्यात उतरून पलीकडे चढून गेले. तात्यांना जागसुद्धा आली नाही. मागच्या दहा-बारा गाड्या त्यांच्या मागोमाग. मी झाडामागे उभा राहून चक्क रडलो. परीक्षेचा निकाल लागल्यावरही मी असा रडलो नव्हतो.

त्या हौदाला लोक 'ओव्हरसियरचा हौद' म्हणायला लागले. मला ते फार आवडायचं, हे इथं कबूल केलेलं बरं. इतर गावी गेलो तरी बोलणं फिरवून फिरवून हौदावर आणायचो. बैलांसाठी पाटी लावणारा जिल्ह्यातला मी एकटाच.

दोन उन्हाळे काम चालून पूल झाला. आता आमच्या धंद्यातला एक नियम सांगतो, तो मीच नव्या पोरांना शिकवत असे. धोका संपला की त्याच दिवशी पाटी काढायची. संपलेल्या धोक्याची पाटी ठेवली की लोक पुढच्या खऱ्या पाटीवरही विश्वास ठेवत नाहीत. पूल खुला झाला त्या दिवशी रशीदभाईंनी सगळ्या पाट्या उपटून गाडीत टाकल्या. मग हौदाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "साहब, ये हौज? ये बी तो पाटीच है ना?"

"राहू द्या," मी म्हटलं. "जनावरं पाणी पितील."

पाणी कुठून येणार होतं? काम संपलं, पाणी वाहणाऱ्या बायाही गेल्या. हौद कोरडा पडणार हे मला दिसत होतं. पण तो माझा हौद होता, आणि फोडा म्हणायला माझी जीभ वळली नाही.

काही महिन्यांनी त्या रस्त्यावरून बस सुरू व्हायची ठरली. तिच्यासाठीच्या पाट्याही माझ्याकडेच. 'पुढे अरुंद पूल', 'भोंगा वाजवा', बेंबळीच्या शाळेपाशी एक त्रिकोण. कुठं काही राहिलं नाही म्हणून मी समाधानात होतो. बस सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यातला बाजाराचा दिवस उजाडला. सकाळी मी बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो, तिथं तात्या भेटले. बैल सोडून झाडाखाली बसलेले.

"काय तात्या, पुलावरून बरं वाटतंय का?"

तात्या हसले. "सायेब, तुमचा हौद लई नामी. पाणी न्हाय आता त्यात, तरी बैलं वळत्यातच बगा. जात्यात, वास घेत्यात, मागारी येत्यात. म्या बी म्हंतो, जाऊ दे, सवय हाय त्यांची."

मी हातातली पिशवी तशीच धरून उभा राहिलो. फाटा रस्त्याच्या उजव्या हाताला. गाडी डाव्या बाजूनं जाणार, म्हणजे हौदाकडे वळताना बैल सबंध रस्ता आडवा ओलांडणार. आणि पलीकडून पुलाचा उतार उतरून दुपारी चारला बस येणार. हे इतके दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही, हे मला आजही उमगत नाही. मी बसच्या सगळ्या पाट्या मोजल्या, फक्त माझीच पाटी मोजली नाही.

"तात्या, आज येताना झोपू नका. आज बस आहे."

"न्हाय निजत, सायेब."

"शपथ घ्या."

"आता शपथ कशापायी? न्हाय म्हनलं की."

मी घरी भाजी टाकली, ऑफिसातून तांबडा बावटा घेतला आणि सायकल दामटली. हौद फोडून आज उपयोग नव्हता, कारण बैलांना तो तिथंच आहे असं वाटणार होतं. मी अडीचपासून पूल आणि फाटा यांच्या मधोमध उभा राहिलो. साडेतीनला पहिल्या गाड्या आल्या. काही सरळ गेल्या, काही वळल्या. प्रत्येक गाडीवाल्याला मी हाका मारून उठवलं, शिव्याही खाल्ल्या. तात्या येईनात. पुढच्या गाडीवाल्यानं सांगितलं की ते पेंड घ्यायला थांबलेत, मागून येताहेत.

चारला पाच मिनिटं असतील. धाराशिवकडून एकटी गाडी दिसली. पटका तोंडावर. त्याच वेळी पुलाच्या पलीकडून भोंगा ऐकू आला. माझीच पाटी वाचून ड्रायव्हर तो वाजवत होता.

माझ्याकडे एक बावटा आणि एकच अंग. बैलांकडे धावलो असतो तर कासरा धरून त्यांना थांबवता आलं असतं, फाटा साठ-सत्तर पावलांवर होता. पण बावटा माणसाला दाखवायचा असतो, ही अंगात मुरलेली सवय. पाय बसकडे वळले. मी रस्त्याच्या मधोमध बावटा हलवत धावलो. ड्रायव्हर भला माणूस होता, त्यानं बावटा बघितला आणि ताकदीनं ब्रेक दाबला. पण नवा रस्ता, वर सुटा मुरूम. बस माझ्या अंगाला वारा लावून घसरत पुढं गेली. मी मागं वळून बघितलं तेव्हा हरण्या-बाळ्या ठरल्या जागी शांतपणे उजवीकडे वळलेले होते.

बसमध्ये कुणाला काही झालं नाही. तात्या गाडीतून शेतात फेकले गेले, कोपर खरचटलं एवढंच. बसच्या बाजूला हरण्या होता. त्याला उठता आलं नाही.

जू मोडलं होतं. बाळ्या त्यातून सुटला आणि आम्ही सगळे हरण्याभोवती असताना तो एकटा चालत हौदाकडे गेला. हौदात वाळलेला पाला होता. त्यानं त्यात तोंड घातलं आणि तसाच उभा राहिला. तेवढं दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तात्या हरण्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. प्रवासी खाली उतरून आपापसात बोलत होते. त्यातला एक म्हणाला, "बैलच आडवा आला, ड्रायव्हर काय करणार?"

तात्या त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "आडवा न्हाय आला. त्याला जसं शिकवलं तसा आला. व्हय का न्हाय, सायेब?"

आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता.

चौकशी झाली. डेप्युटी साहेबांनी विचारलं, "पूल खुला झाल्यावर वळणरस्त्याच्या पाट्या काढल्या होत्या?"

"काढल्या होत्या."

"सगळ्या?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. हौद कुठल्याच यादीत पाटी म्हणून नव्हता. "सगळ्या," असं त्यांनीच लिहिलं. माझ्यावर एक ओळ आली नाही. बोलायची वेळ ती होती आणि मी बोललो नाही, हे मात्र माझ्यावर राहिलं.

हौद मी स्वतः फोडला. रशीदभाई मदतीला आले होते, त्यांना घण उचलू दिला नाही. दगडांचा ढीग तिथंच राहिला. रशीदभाई बाजूला उकिडवे बसून होते. जाताना फक्त माझ्या सायकलच्या हँडलला अडकवलेला बावटा नीट गुंडाळून दिला.

पुढच्या बाजारी मी पुन्हा तिथं जाऊन उभा राहिलो. तात्या येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. बाळ्याच्या जोडीला कुणाचा तरी मागून आणलेला बैल. तात्या गाडीत टक्क जागे बसलेले. फाट्याशी आल्यावर बाळ्यानं मान उजवीकडे घातली. मी बावटा वर करून बसकडचा रस्ता बघितला, रिकामा होता. मला वाटलं तात्या कासरा ओढतील. त्यांनी ओढला नाही. ते खाली उतरले, बैलांच्या पुढं चालत त्यांना दगडांच्या ढिगापाशी घेऊन गेले. बाळ्यानं दगड हुंगले. ह्या दगडावरून त्या दगडावर नाक फिरवलं. तात्या कमरेवर हात ठेवून थांबून राहिले.

मी जवळ गेलो. "तात्या, कासरा ओढला असता तर..."

"ओढून काय व्हतंय, सायेब? त्याला कळाय पायजे की पाटी काढली म्हून. कुनीतरी सांगाय पायजे त्याला."

मी मान खाली घातली. पाटी काढताना एवढंच करायचं राहिलं होतं.

"माझी चूक झाली, तात्या," मी म्हटलं. चौकशीत जे बोललो नाही ते तिथं, दगडांच्या ढिगापाशी बोललो.

तात्यांनी बाळ्याच्या पाठीवर थाप मारली. "चल रं," म्हणाले, आणि बैल वळवून रस्त्याला लागले.

असं तीन बाजार चाललं. दर खेपेला मी बावटा घेऊन उभा, दर खेपेला तात्या उतरायचे, बाळ्याला ढिगापाशी न्यायचे, हुंगू द्यायचे, परत आणायचे. माझ्याशी फार बोलत नसत. तिसऱ्या बाजारी जाताना एवढंच म्हणाले, "तुमी किती दिस उभं ऱ्हाणार हितं? तुमाला बाकी रस्तं न्हाईत व्हय?" मी म्हटलं, "जमेल तितके दिवस." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि गाडीत चढले.

चौथ्या बाजारी ऊन फार होतं. बस पुलापलीकडे भोंगा वाजवत होती, मी बावटा उचलून धरला होता, आणि धाराशिवकडून तात्यांची गाडी आली. तात्या आडवे पडलेले, तोंडावर पटका, पूर्वीसारखे. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाळ्या फाट्याशी आला. त्यानं मान वळवून ढिगाकडे एकदा बघितलं आणि सरळ चालत राहिला. बस पलीकडच्या बाजूनं धूळ उडवत निघून गेली. गाडी माझ्या अगदी जवळून गेली. पटक्याखाली तात्यांचा श्वास संथ चालला होता, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. पण मी माणसांना सावध करण्यात आयुष्य घालवलेला माणूस. माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. दोन्ही मुठींत कासरा इतका गच्च धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मी हाक मारली नाही. गाडी पूल चढून दिसेनाशी होईपर्यंत तिथं थांबलो, मग बावटा गुंडाळून सायकलच्या हँडलला अडकवला आणि घरी आलो.